चांदरातीपलीकडचं आकाश

आमच्या मोहल्ल्यांत वर्षातून तीनच संध्याकाळी सगळी माणसं आकाशाकडं बघतात. शाबानची एकोणतीस, रमजानची एकोणतीस आणि जिलकादची एकोणतीस. मगरिब झाली की पोरं गच्चीवर चढतात, म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून पश्चिमेकडं हात करतात आणि मग फोन सुरू होतात. हैदराबादला दिसला का? मालेगावला? भिवंडीला? केरळवाल्यांची तर उद्याच ईद आहे म्हणे! रात्री उशिरा कुठून तरी एलान येतो. लोक खाली उतरतात, ते पुढच्या चांदरातीलाच वर चढतात. मधल्या साडेतीनशे रात्री ते आकाश तिथंच असतं. आपणच तिथं नसतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. खगोलशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही हा लेख लिहितोय, कारण माझं ठाम मत झालंय की उर्दू शाळांनी, मदरशांनी आणि मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसांनी फलकियात, म्हणजे खगोलशास्त्र, पुन्हा आपलं म्हणून हातात घेतलं पाहिजे. आपला दीन रोज ज्या घड्याळावर चालतो ते घड्याळ आकाशात आहे. आपल्या जिल्ह्याचं या विद्येशी पाचशे वर्षांचं नातं आहे. आणि आपल्या दारात येत्या काही वर्षांत याच विद्येचं एक मोठं काम उभं राहतंय.

आधी चांदचाच विषय घेऊ, कारण भांडणं तिथं होतात.

चंद्राला एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी 29.53 दिवस लागतात. म्हणून महिना कधी एकोणतीसचा, कधी तीसचा. बारा महिन्यांचे झाले 354 दिवस. सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. हिजरी सन ही तूट भरून काढत नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी मूळ जागी येतो. मराठी पंचांगाचे महिनेही चंद्राचेच. पण तिथं साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून ती तूट भरली जाते.

हे एवढं समजलं की महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जे घडलं त्याचं कोडं सुटतं. 2021 मध्ये आषाढी एकादशी 20 जुलैला होती आणि बकरी ईद 21 जुलैला. 2022 मध्ये दोन्ही 10 जुलैला. 2023 मध्ये दोन्ही 29 जूनला. कितीतरी गावांत मुसलमानांनी आपणहून कुर्बानी पुढं ढकलली आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. 2024 मध्ये बकरी ईद 17 जूनला आली आणि आषाढी 17 जुलैला. मध्ये एक महिना कुठून आला? 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तो. मग 2024 आणि 2025 अशी दोन वर्षं एकादशी आणि मोहर्रमची दहावी एका दिवशी आल्या. 2026 साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून आषाढी आणखी एक महिना सरकून सफरमध्ये गेली. यात ना कुणाचा डाव, ना कुठला चमत्कार. एकाच चंद्रावर चालणारी दोन कॅलेंडरं आहेत आणि त्यातल्या एकाला अधूनमधून एक महिना जोडला जातो. सातवीच्या पोराला हे फळ्यावर वीस मिनिटांत समजतं. मोठ्यांना मात्र कुणी समजावून सांगितलेलंच नाही.

आता चांद दिसण्याबद्दल. अमावास्येच्या क्षणी चंद्र सूर्याच्या दिशेला असतो, तेव्हा तो दिसूच शकत नाही. त्यानंतर तो रोज सुमारे बारा अंश पूर्वेकडं सरकतो. सूर्यापासून पुरेसा दूर गेला, म्हणजे निदान सात अंश तरी, की मगच त्याची कोर तयार होते. साधारण पंधरा तासांपेक्षा लहान वयाचा चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसणं जवळपास अशक्य असतं. अमावास्येची वेळ, त्या संध्याकाळी चंद्र किती उंच असेल, सूर्यानंतर किती मिनिटांनी मावळेल, हे सगळं आज कित्येक वर्षं आधी मिनिटाच्या हिशेबात सांगता येतं. केरळ दक्षिणेला आणि पश्चिमेला असल्यामुळं कधीकधी कोर तिथं आधी दिसते, हेही त्या हिशेबात येतं.

यावर आपल्याकडं एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. शरीयतने साक्ष मागितली आहे, गणित नाही, असं आलिम म्हणतात. बरोबर. तुर्कस्तानने गणित पूर्णपणे स्वीकारलं, उत्तर अमेरिकेतल्या फिक्ह कौन्सिलनेही स्वीकारलं. आपण तसं करावं असा माझा आग्रह नाही. तो निर्णय ज्यांचा आहे त्यांनी घ्यावा. माझी मागणी फार लहान आहे. चांद झाला हे डोळ्यांनीच ठरवा. पण ज्या संध्याकाळी चंद्र सूर्याच्या आधीच मावळलेला असतो, त्या संध्याकाळची साक्ष घेऊ नका. साक्ष देणारा खोटारडा नसतो. पश्चिमेला चमकणारा शुक्र असतो, विमानाच्या धुराची रेष असते, ढगाची कड असते आणि बघणाऱ्याची तीव्र इच्छा असते. न्यायालयातसुद्धा घटनास्थळी नसलेल्या माणसाविरुद्धची साक्ष टिकत नाही. तसंच चंद्र क्षितिजाखाली असेल तर काझीसाहेबांनी साक्षीदाराला चहा पाजून घरी पाठवावं. स्वीकारायला डोळा, नाकारायला गणित, एवढं जरी गावोगावच्या चांद कमिट्यांनी मान्य केलं तरी एका गावात दोन ईद होण्याचे प्रसंग कमी होतील. दोन ईदचा त्रास कमिटीला होत नाही. ज्याला एकच दिवस सुट्टी मिळते त्या मजुराला होतो, रात्री अकराला शीरखुर्म्याचं दूध आणायला धावणाऱ्या बाईला होतो आणि परीक्षेला बसू की ईदगाहला जाऊ या पेचात पडलेल्या मुलाला होतो.

चांद तर वर्षातल्या मोजक्या दिवसांचा प्रश्न. नमाज रोजची आहे. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये वेळ सांगणारं ॲप आहे आणि मशिदीच्या भिंतीवर तक्ता टांगलेला आहे. तो तक्ता कशावरून बनतो? सावलीवरून. सूर्य डोक्यावरून ढळला की जवाल संपून जोहर सुरू. काठीची सावली काठीइतकी वाढली की शाफईंची असर. कोकणातले आपले भाऊ ती पाळतात. आपण मराठवाड्यातले हनफी, ती सावली दुप्पट होईपर्यंत थांबतो. दुपारची मूळ सावली यातून वजा करायची असते. हा सरळ त्रिकोणाचा, टॅन थीटाचा हिशेब आहे. दहावीला त्रिकोणमितीत गळपटणारी पोरं रोज पाच वेळा त्रिकोणमितीच्या आधारानेच सफेत उभी राहतात, फक्त त्यांना ते कुणी दाखवलेलं नसतं.

प्रयोगाला पैसे लागत नाहीत. परभणी साधारण 19.3 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं मेच्या मध्याला, सोळा-सतरा तारखेच्या आसपास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बारालाच का नाही? आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत, म्हणून. आणखी एक दिवस लक्षात ठेवा. 28 मेच्या सुमारास सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या वेळी आपल्याकडं दुपारचे 2 वाजून 48 मिनिटं झालेली असतात. तेव्हा उभ्या काठीची सावली बघायची. सावलीच्या बरोबर उलट दिशेला किब्ला. असाच योग 16 जुलैच्या सुमारास 2 वाजून 57 मिनिटांनी पुन्हा येतो, पावसानं साथ दिली तर. मुलांना यातून कळतं की आपला किब्ला नेमका पश्चिमेला नाही, तर पश्चिमेच्या दहा अंश उत्तरेकडं आहे. जमीन गोल असल्याचा याहून चांगला पुरावा मी वर्गात दुसरा कुठला देऊ? मक्का आपल्यापेक्षा फक्त दोन अंशच उत्तरेला आहे. सपाट कागदावर रेघ ओढली तर दिशा जवळजवळ सरळ पश्चिम येते. गोलावर दोरा ताणला की ती दहा अंश वळते.

ही विद्या आपल्याला परकी वाटत असेल तर वर्गातली हजेरी वाचावी. सुरैया आणि परवीन ही दोन्ही कृत्तिका नक्षत्राची नावं, एक अरबी, एक फारसी. सुहैल म्हणजे अगस्त्य, हिवाळ्यात दक्षिणेला खाली लखलखणारा तारा. जोहरा म्हणजे शुक्र. हिलाल, कमर, नजमा, अख्तर, तारिक यांचे अर्थ तर सगळ्यांना ठाऊक आहेत. आता उलट बाजूने बघा. इंग्रजी पुस्तकात आपल्या रोहिणीला अल्डेबरान म्हणतात. ते अरबी अद्-दबरान, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकेच्या मागून येतो म्हणून. श्रवण म्हणजे अल्टेअर, अरबीत अत्-ताइर, उडणारा पक्षी. अभिजित म्हणजे व्हेगा, अल्-वाकिअ, झेपावणारा. आपल्याकडं सत्तावीस नक्षत्रं, अरबांकडं चंद्राच्या अठ्ठावीस मंजिला. जिंतूरचा मुसलमान शेतकरी मृग निघाला का ते विचारूनच पेरतो. पण मृग निघाला म्हणजे सूर्य मृगात गेला, म्हणून त्या दिवसांत मृग नक्षत्र रात्री दिसतच नाही, ही गंमत त्याला आणि त्याच्या पोराला कुणीतरी सांगायला हवी.

ग्रहाला उर्दूत सय्यारा म्हणतात, म्हणजे फिरणारा. 2025 मध्ये याच नावाच्या सिनेमाची गाणी पोरांच्या तोंडी होती. शब्दाचा अर्थ विचारला तर कुणी सांगेना. ग्रह ताऱ्यांमधून फिरतात, म्हणून फिरणारे. बहुतेक वेळा पूर्वेकडं सरकतात, पण मधूनच थबकतात आणि काही आठवडे उलटे चालतात. यालाच लोक मंगळ वक्री झाला म्हणतात आणि घाबरतात. परभणी-जिंतूर रस्त्यावर आपली गाडी ट्रकला ओलांडून पुढं जाते तेव्हा खिडकीतून बघा. मागच्या झाडांच्या तुलनेत तो ट्रक क्षणभर मागं जाताना दिसतो. ट्रकने रिव्हर्स गिअर टाकलेला नसतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावते, मंगळ 24. साधारण सव्वीस महिन्यांनी आपण त्याला ओलांडतो आणि तो उलटा जाताना दिसतो. एवढ्या कारणासाठी कुणाचं लग्न मोडायचं?

ही चाल नीट समजायला माणसाला दीड हजार वर्षं लागली आणि त्यात आपल्या लोकांचा मोठा वाटा आहे. बिरूनीने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती अंश खाली दिसतं ते मोजलं आणि पृथ्वीची त्रिज्या काढली. ती आजच्या आकड्याच्या अगदी जवळ होती. नसिरुद्दीन तुसीने 1259 मध्ये मरागा इथं वेधशाळा सुरू केली. दोन वर्तुळांतून सरळ रेषेतली गती काढण्याची त्याची युक्ती कोपर्निकसच्या 1543 सालच्या ग्रंथात दिसते. दमास्कसचा इब्न शातिर तर तिथल्या उमय्या मशिदीत नमाजच्या वेळा काढायच्या नोकरीवर होता. त्याचं चंद्राचं गणित आणि कोपर्निकसचं गणित जवळपास एकच आहे. मशिदीच्या पगारावर माणूस जगातला अव्वल खगोलशास्त्रज्ञ होऊ शकत होता, ही गोष्ट आजच्या मशिदींच्या विश्वस्तांनी दोन मिनिटं थांबून वाचावी.

इथंच एक सावधगिरीही सांगतो. दर शुक्रवारी व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो की अमुक शोध आमच्या किताबात चौदाशे वर्षांपूर्वीच होता. शेजारच्या ग्रुपवर तसाच मजकूर वेदांच्या नावाने फिरतो. दोन्हीकडचे फॉरवर्ड करणारे कधी गच्चीवर जात नाहीत. बिरूनीने किताबावर ईमान ठेवलं आणि त्रिज्या मात्र डोंगरावर चढून मोजली. किताब हिदायतीसाठी आहे. तिला दर दहा वर्षांनी बदलणाऱ्या शोधांचं प्रमाणपत्र लागत नाही.

आणि हा गुंता आजचा नाही. आपल्याच परभणी जिल्ह्यात, पाथरीला, जुन्या नावाने पार्थपुराला, 1503 च्या सुमारास ज्ञानराज नावाच्या ज्योतिर्विदाने 'सिद्धांतसुंदर' हा ग्रंथ लिहिला. पुराणात सांगितलेली सपाट पृथ्वी आणि गणिताने सिद्ध होणारी गोल पृथ्वी यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्याने अंगावर घेतला. मेळ कितपत बसला ते पंडितांनी ठरवावं. पण त्यासाठी त्याने ग्रहगणित बाजूला ठेवलं नाही. त्याचा मुलगा सूर्यदास, त्याने भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिली. हेच 'लीलावती' अकबराच्या दरबारात फैजीने 1587 मध्ये फारसीत नेलं. गोदावरीकाठच्या गोलग्रामच्या घराण्यातल्या कमलाकरने काशीत 1658 च्या आपल्या 'सिद्धांततत्त्वविवेक' ग्रंथात समरकंदच्या उलुग बेगच्या परंपरेतलं ज्ञान संस्कृतात आणलं. बगदाद, समरकंद, पाथरी, काशी. विद्या या रस्त्याने येत-जात होती आणि तिच्याकडं कुणी जात-धर्माचा दाखला मागत नव्हतं.

त्यानंतरचा दुवा हैदराबादचा. परभणी निजामाच्या राज्यात होती. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने इंग्लंडहून मोठी दुर्बीण मागवली आणि 1901 मध्ये वेधशाळा काढली. त्याच्या मृत्यूनंतर 1908 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि ती निजामिया वेधशाळा झाली. सगळ्या आकाशाचा फोटो-नकाशा करण्याच्या जागतिक मोहिमेत एक पट्टा हैदराबादकडं होता आणि तिथल्या माणसांनी लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून छापल्या. याच वेधशाळेतल्या एका सहायकाचा मुलगा तिथल्या दुर्बिणींभोवती वाढला, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि 1949 मध्ये त्याने एक धूमकेतू शोधला. तो वेणू बाप्पू. कावलूरची मोठी दुर्बीण आज त्यांच्या नावाची आहे. उस्मानिया विद्यापीठात त्या काळी विज्ञान उर्दूत शिकवलं जात होतं. तेव्हा उर्दूतून विज्ञान होत नाही, असं मला कुणी सांगू नये.

आता त्या प्रश्नाकडं येतो जो प्रत्येक वर्गात एक तरी मूल विचारतंच. सर, दुसरीकडं कुणी आहे का? मागच्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीने त्याच्याही पुढचं विचारलं. तिथं माणसं असतील तर त्यांचा किब्ला कुठं? सगळा वर्ग हसला, मी हसलो नाही. कारण हा प्रश्न मलेशियातल्या आलिमांनी गंभीरपणे घेतला होता. 2007 मध्ये त्यांचा शेख मुझफ्फर अंतराळ स्थानकात गेला तेव्हा तिथं नमाज आणि रोजा कसा करायचा याची मार्गदर्शिका त्यांनी आधी काढली. विचारण्याजोगा प्रश्न मुलीने विचारला होता.

पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की अजून सापडलेलं नाही, पण शोध जोरात आहे. 1995 मध्ये सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती ग्रह सापडला. आज असे परके ग्रह पाच हजारांहून अधिक झालेत. तिथं जाणं आपल्या हातात नाही. 1977 मध्ये सुटलेल्या व्हॉयेजरच्या वेगाने निघालो तर सर्वात जवळच्या ताऱ्यापर्यंतच सत्तर हजारांहून अधिक वर्षं लागतील. म्हणून माणूस दुरूनच चाचपतो. ग्रहाच्या हवेतून आलेल्या प्रकाशात जीवनाची खूण आहे का ते बघतो. 2025 मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने 124 प्रकाशवर्षांवरच्या के2-18बी या ग्रहाच्या हवेत अशी खूण दिसत असल्याचं सांगितलं. लगेच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी तपासून शंका घेतल्या. कुणी कुणाला काफिर म्हटलं नाही, कुणाचा पुतळा जाळला नाही. आकड्याला आकड्याने उत्तर दिलं. मला मुलांना ग्रहापेक्षाही ही रीत शिकवायची आहे.

हा शोध आपल्यापासून लांब नाही. जिंतूरपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत लोणार आहे. आकाशातून आलेल्या दगडाने काळ्या बसाल्टमध्ये पाडलेला 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा. मंगळाची जमीनही मुख्यतः बसाल्टची आणि खड्ड्यांनी भरलेली, म्हणून शास्त्रज्ञ लोणारकडं मंगळाचा नमुना म्हणून बघतात. त्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात जिथं मासा जगत नाही तिथं सूक्ष्मजीव मजेत राहतात. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा लोकांनी नाना अर्थ काढले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर मिठात वाढणारे गुलाबी सूक्ष्मजीव निघाले. जीव कुठल्या हालात जगू शकतो, हे कळलं तर तो कुठं शोधायचा हे कळतं.

कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर यांनी तर हा शोध आपल्या डोक्यावरच्या हवेत घेतला. 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादहून फुगे सोडून 41 किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली गेली. दुसऱ्या वेळी जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यातल्या एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. जीव अवकाशातून पृथ्वीवर येतात ही कल्पना नारळीकरांना आवडती होती. तरीही 2009 मध्ये निकाल जाहीर करताना इस्रोने स्पष्ट सांगितलं की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध होत नाही. जी गोष्ट खरी ठरावी असं मनापासून वाटतं, तिच्याबद्दलही पुरावा अपुरा आहे असं म्हणता येणं, यालाच मी इल्म म्हणतो. याच नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकरांच्या साथीने ज्योतिषांची चाचणी घेतली, तिचा निकाल नाणं उडवण्यापेक्षा बरा आला नाही. आपल्याकडं पत्रिका नसते, पण सितारा बघणारे आमिल आणि बाबा गल्लोगल्ली आहेत. त्यांनाही तीच चाचणी लागू.

जुन्नरजवळच्या खोडदला तीस मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचं यान मंगळावर उतरत असताना त्याच्या रेडिओचा क्षीण आवाज या तबकड्यांनी इथं महाराष्ट्रात ऐकला. दुसऱ्या कुणाचा आवाज अजून कुणी ऐकलेला नाही. ऐकू आला तर ईमानाला धक्का बसेल का, असं मला एका पालकाने विचारलं. आपण रोज नमाजमध्ये ज्याला सगळ्या आलमांचा रब म्हणतो, त्या शब्दात अनेकवचन आहे. घाबरायचं कशाला? पण त्या शब्दावरून परग्रहावर जीव आहेतच असंही मी वर्गात सांगणार नाही. ते दुर्बिणीचं काम आहे.

शेवटचा मुद्दा पोटाचा आहे. 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया हा प्रकल्प उभा राहतोय. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात असतील आणि दूरवर कृष्णविवरं आदळल्यावर अवकाशात उठणारी लाट त्या पकडतील. त्यासाठी मोजायचा बदल प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही लहान असतो. अशा कामाला फक्त पीएचडीवाले लागत नाहीत. निर्वात नळ्यांचं वेल्डिंग करणारा, इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारा, कॉम्प्युटर चालवणारा, शीतकरण बघणारा, असे कुशल हात लागतात. परभणीहून औंढा पन्नासेक किलोमीटरवर आहे. दहा वर्षांनी आपली पोरं तिथं फाटकाबाहेर चहा विकणार की आत काम करणार, हे आज आठवीत असलेल्या मुलांच्या विज्ञानावर ठरतंय.

आणि तिथंच आपण कमी पडतोय. उर्दू माध्यमाचं मूल दहावीपर्यंत कशिश-ए-सिक्ल शिकतं, अकरावीला अचानक ग्रॅव्हिटेशन समोर येतं आणि शेजारच्या बाकावरचा गुरुत्वाकर्षण म्हणतो. तिन्ही एकच, हे कळायच्या आत पोरगं सायन्स सोडतं. मुलींचं तर त्याआधीच थांबतं. शेंगोट्टईच्या सरकारी शाळेत शिकलेल्या निगार शाजी 2023 मध्ये सूर्याकडं गेलेल्या आदित्य-एल1 च्या प्रकल्प संचालक होत्या. ही गोष्ट प्रत्येक उर्दू शाळेच्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

करायचं ते फार खर्चाचं नाही. आठवीपासून विज्ञानाच्या शब्दांची उर्दू-मराठी-इंग्रजी अशी तीन रकान्यांची वही प्रत्येक मुलाकडून करून घ्या. मेमध्ये आणि जुलैमध्ये काठी रोवून सावली मोजा. मशिदीच्या तक्त्याशेजारी तो तक्ता कसा निघतो हे समजावणारा एक कागद लावा. चांद कमिटीत विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षकाला किंवा शिक्षिकेला बसवा. वर्षाची सहल एकदा लोणारला न्या. आणि मोहल्ल्याने मिळून एक साधी दुर्बीण घ्या. एका इफ्तार पार्टीच्या खर्चात ती येते. तिच्यातून शनीची कडी आणि गुरूचे चार चंद्र दिसतात आणि ते पाहिलेलं मूल आयुष्यभर विसरत नाही.

चांद कमिटीचे लोक गच्चीवर येतील तेव्हा येतील. पोरांना आजच रात्री वर न्या. मोतिबिंदू झालेल्या आजीलाही चंद्र दिसतो, तिलाही बरोबर घ्या.